टॅपिओकाची आठ झाडं

शुक्रवार, १९ जानेवारी

सकाळी नऊ-चाळीसला समोरच्या घरातला कुरियन गेला. पहाटेपासून छातीत दुखत होतं, पण चहा घेतला आणि पेपरही मागितला. मी पोचलो तेव्हा डॉक्टर बाहेर पडत होते. त्याची बायको साराम्मा आत होती, तिच्याजवळ चर्चमधल्या बायका होत्या. मुलगी कोट्टयमहून निघाली, नागपूरपर्यंत विमानाने येईल, तिथून गाडीने. मी शेजारून खुर्च्या आणून अंगणात मांडल्या. संध्याकाळी नेऊन दिल्या.

शनिवार, २० जानेवारी

दुपारी तीनला दफन. सगळ्यांनी मूठभर माती टाकली, मीही टाकली. फादरांनी घरच्यांना पुढे बोलावलं तेव्हा मी फॅक्टरीतल्या जुन्या लोकांबरोबर मागे थांबलो.

घरी येऊन आंघोळ केली. पाणी तापवायचं राहिलं.

मंगळवार, २३ जानेवारी

साराम्मा आज मुलीबरोबर कोट्टयमला गेली. सत्तावीस फेब्रुवारीला परत येईल. अठ्ठावीसला एक्केचाळिसावा दिवस, त्या दिवशी घरी प्रार्थना आणि जेवण. मग सामान बांधून एक मार्चला घर मालकाला परत. ती आता मुलीकडेच राहणार.

रिक्षा उभी होती तेव्हा तिने चावी दिली.

"विष्णू भैया, चाबी आप रखो. गमले में थोड़ा पानी."

"जी."

"और पीछे टॅपिओका है. आठ पेड़. वो निकालने वाला था अगले महीने. आप निकाल लेना. नहीं तो मालिक सब साफ कर देगा."

मी बरं म्हटलं. एवढंच बोलणं झालं.

हे लिहून ठेवतो, कारण संध्याकाळपासून तेच डोक्यात आहे. कुरियन फॅक्टरीत हीट ट्रीटमेंट शॉपला होता, मी इन्स्पेक्शनला. १९९८ साली मी या घरात आलो, तेव्हापासून तो समोर भाड्याने. दर फेब्रुवारीत तो परसातल्या टॅपिओकाची मुळं खणायचा, त्यांच्या चकत्या तळायचा आणि रविवारी संध्याकाळी त्यांच्या पुढच्या व्हरांड्यात आम्ही दोघं खात बसायचो. खायचो म्हणजे जास्त मीच. त्याला तळलेलं बाधायचं, ॲसिडिटी होती. ताटली तो माझ्याच बाजूला सरकवून ठेवायचा. गप्पा फार नसायच्या. मी फार बोलत नाही आणि त्याचं हिंदी फॅक्टरीपुरतं होतं.

या वर्षीचे चिप्स राहिले. अठ्ठावीस तारखेला त्याच्या जेवणात त्याच्याच झाडांचे चिप्स असावेत, असं मला वाटतं. फादर प्रार्थना करतील, मुलगी-जावई पाहुण्यांचं बघतील, चर्चच्या बायका स्वयंपाक करतील. मला त्या घरात करण्यासारखं दुसरं काही नाही. आणि नंतर ते घरही नसेल.

मला चहा, खिचडी, वरण-भात येतं. तळायला कधी बसलो नाही. पण तळणं ही एक प्रक्रिया आहे, समजून घेतली तर जमायला हरकत नाही. छत्तीस दिवस आहेत.

रविवार, २८ जानेवारी

तिलवाऱ्याला, नदीवर गेलो होतो. काम काही नव्हतं, ऑटो मिळाली म्हणून गेलो. घाटावर न्हावी बसले होते, त्यांच्यातल्या एकाकडून दाढी करून घेतली. नऊ दिवस राहून गेली होती. मग नर्मदेत आंघोळ केली. पाणी फार गार.

बुधवार, ३१ जानेवारी

शरयू आली होती. माझी धाकटी बहीण. शाळेतून रिटायर झाल्यापासून दर बुधवारी येते आणि माझं घर तपासते. आज डब्यात मेथीची भजी आणली.

"गरम आहेत, खाऊन घे."

"उद्या खातो."

"उद्या काहून? नरम होतील."

"पोट बरं नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. बोटांवर काहीतरी मोजलं.

"दादा, आज तेरा होतात."

"कशाचे?"

"कशाचे नाही," ती म्हणाली, आणि माझ्यासाठी मुगाची खिचडी टाकली. भजी झाकून ठेवली. तिला वाटतं मी सुतक पाळून राहिलो आहे. तो माझा कोणी नातेवाईक नव्हता. सुतक नात्यात असतं, एवढं मलाही कळतं. आठवडाभर खरंच पोट जड आहे.

गुरुवार, १ फेब्रुवारी

पोट बरं आहे. भजी खाल्ली. नरम झाली होती.

रविवार, ४ फेब्रुवारी

आज टॅपिओका काढला.

झाडं माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत. पानं हाताच्या पंजासारखी, थंडीने बरीच गळलेली. बुंध्याशी धरून हलवलं की जमीन फुटते आणि खालून मुळं दिसतात, चारी बाजूंना पसरलेली, मनगटाएवढी जाड. वरची साल तपकिरी, तिच्याखाली दुसरी गुलाबीसर, आत पांढरंशुभ्र. याच्याच सत्त्वाचा साबुदाणा होतो हे मला माहीत होतं, पण बघताना नवल वाटलं. जन्मभर एकादशीला खात आलो, मूळ आज हातात धरलं.

सात झाडं काढली. आठवं कोपऱ्यात धुण्याच्या दगडामागे आहे, त्याला साराम्माची कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली होती. गाठ सुटेना, म्हणून ते राहू दिलं.

एकूण अठरा-एक किलो निघालं. माती झटकून, बटाट्यासारखं पोत्यात भरून जिन्याखाली अंधारात ठेवलं. आई बटाटे असेच ठेवायची, होळीपर्यंत टिकायचे. तीन आठवडे प्रयोगाला भरपूर माल आहे.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

पहिला लॉट. सुरीने चकत्या केल्या, शेंगदाण्याच्या तेलात तळल्या, वरून मीठ भुरभुरवलं. रंग चांगला आला. चावल्या तर दगड. एक दाताखाली धरली आणि दाढ तुटेल म्हणून सोडून दिली. व्हर्निअर काढून मोजलं: २.१ ते ३.४ मिलिमीटर. एका लॉटमध्ये एवढा फरक आमच्या वेळी कुणी आणला असता तर मी अख्खा लॉट परत पाठवला असता.

बटाट्याच्या किसणीवरची चकत्यांची पट्टी वापरायला हवी.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

पोतं उघडलं. एक मूळ कापलं तर आत निळ्या-काळ्या रेषा, शिरांसारख्या. दुसऱ्यातही तसंच. वाटलं, सुरीचं लोखंड लागत असेल. स्टीलची घेतली, तेच. मग धातू अजिबात नको म्हणून एक हाताने मोडून पाहिलं. तेच. म्हणजे दोष आतला आहे. परवा यातलं काही नव्हतं.

वासही थोडा वेगळा. कुणाला विचारावं कळत नाही. साराम्माला फोन करता येईल, पण मग तिला कळेल मी काय करतो आहे. न जमल्यास तिला कळलेलं नको.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

शरयूला फोन केला. ती बुधवार नसताना आली. तिने फोनमध्ये शोधून काढलं आणि चष्मा कपाळावर ढकलून वाचून दाखवलं. काढल्यापासून दोन-तीन दिवसांत टॅपिओका आतून काळा पडतो. ठेवायचाच असेल तर झाडाला तसाच जमिनीत ठेवायचा, लागेल तेव्हा लागेल तेवढा काढायचा. महिनोन्महिने राहतो.

"जमीनच याचा फ्रिज आहे दादा. आणि तू फ्रिज रिकामा करून पोत्यात भरला."

"बटाटे राहतात."

"बटाटे राहतात, सुरण राहतो, अरवी राहते. म्हणून हेही राहणार? तू तर इन्स्पेक्टर होता ना?"

मग आम्ही दोघांनी बसून सगळं पोतं तपासलं. पांढरे भाग कापून वेगळे केले, साडेतीन किलोच्या आसपास निघाले. शरयूने ते सोलून फ्रिजरमध्ये टाकले. उरलेलं गायीला घालू म्हणाली, पण फोनमध्येच लिहिलं होतं की कच्चा गुरांना विषारी ठरू शकतो, साल तर जास्तच. माणसांनीही कच्चा खायचा नाही. साबुदाण्याच्या पोटात एवढं असेल असं वाटलं नव्हतं. कुरियनच्या परसात खड्डा करून सगळं पुरलं.

त्याने मागच्या मे महिन्यात लावलेली झाडं. नऊ महिने पाणी घातलं. मी चार दिवसांत घालवली.

जाताना शरयू म्हणाली, "एक आहे ना अजून?"

एक आहे. ते सत्तावीस तारखेच्या सकाळी काढायचं, आधी हात लावायचा नाही. फ्रिजरमधल्या तुकड्यांवर तोपर्यंत शिकून घ्यायचं.

सोमवार, १२ फेब्रुवारी

किसणीच्या पट्टीने ०.९ मिलिमीटर येतं. तेलात टाकताच काठ जळतात. पट्टीखाली पोस्टकार्डाची घडी बसवली, आता १.३ येतं. हे ठीक वाटतं. पण मोडताना वाकतात, मग तुटतात. कुरियनचे न वाकता तुटायचे.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

चकत्या कापल्यावर पाण्यात टाकल्या. पाणी दुधासारखं झालं. अर्ध्या तासाने तळाशी पांढरा थर बसला, बोटाने दाबला तर घट्ट, सोडला तर पुन्हा पातळ. बराच वेळ तेच करत बसलो. दाबलं की घट्ट, सोडलं की पातळ. शेवटी शेगडीवरचं तेल धुरायला लागलं तेव्हा उठलो.

तीन पाणी बदललं की स्वच्छ राहतं. मग पंचावर पसरून कोरडं करायचं. फरक पडला. आता आवाज करून तुटतात.

मीठ मात्र वरच राहतं आणि डब्याच्या तळाशी गळतं. कुरियनच्या चिप्सवर मीठ दिसायचं नाही, पण आतपर्यंत असायचं. कसं, ते कधी विचारलं नाही. सव्वीस वर्षांत मी त्यांच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. बोलावलं नव्हतं असं नाही.

रविवार, १८ फेब्रुवारी

मिठाच्या पाण्यात भिजवून तळून पाहिल्या. लवकर लाल होतात आणि चिवट राहतात. रिजेक्ट.

संध्याकाळी त्यांच्या व्हरांड्यातल्या खुर्चीत बसलो, कुंड्यांना पाणी घातल्यावर. तिथे बसायचो तेव्हा आतून काय ऐकू यायचं ते आठवायचा प्रयत्न केला. आधी मोठा खळखळाट, चकत्या पडल्याचा. मग तो हळूहळू कमी होत जायचा. मग एकदम एक मोठा चर्र आवाज, इतका मोठा की साराम्मा आतून काहीतरी ओरडायची. मग पाच-सात सेकंदांनी शांत. आणि कुरियन झारा घेऊन बाहेर.

तो मधला आवाज कशाचा?

सोमवार, १९ फेब्रुवारी

सकाळी दाढी करताना लक्षात आलं. त्यांच्या शॉपमध्ये भट्टीत लाल झालेला लोखंडी जॉब मिठाच्या पाण्याच्या टाकीत बुडवायचे. ब्राइन क्वेंच. टाकीजवळ उभं राहिलं की हाच आवाज. कुरियनने तीस वर्षं तेच केलं.

तो तळणीच्या शेवटी उकळत्या तेलात मिठाचं पाणी टाकत असणार.

मंगळवार, २० फेब्रुवारी

एकादशी. शरयूचा उपास, आणि तरी ती बघायला आली.

"कढईत पाणी? भाजून घ्यायचं आहे का?"

"एक चमचा. झाकण हातात धरतो."

"तेलात पाणी टाकतं का कोणी? आईने पाहिलं असतं तर..."

"आईने टॅपिओका पाहिला नव्हता."

मग तिने विचार केला आणि म्हणाली, "मीठ सैंधव घे. चांगले झाले तर मी पण खाईन."

"तुझा उपास आहे ना?"

"साबुदाणा चालतो तर ज्यातून साबुदाणा येतो तो का नाही चालणार?"

"तुला कोणी सांगितलं चालतो?"

"तुला कोणी सांगितलं नाही चालत? पोर्तुगिजांनी आणला म्हणतात. त्यांच्यात कुठे एकादशी होती? आपण साबुदाणा खाऊन राहिलो ना दोनशे वर्षं."

खरं म्हणजे प्रश्न चांगला आहे. पहिल्यांदा कुणी ठरवलं असेल की हे उपासाला चालेल? काहीतरी पाहूनच ठरवलं असेल.

चकत्या तळल्या. खळखळ कमी होईपर्यंत थांबलो. मग झाकण डाव्या हातात ढालीसारखं धरून चमचाभर सैंधवाचं पाणी काठाकाठाने सोडलं. शरयू दाराबाहेर पळाली. चर्र असा आवाज झाला, तेल वर आलं, काठापर्यंत, आणि बसलं. तोच आवाज. मी झारा हातात घेऊन उभाच राहिलो, त्यामुळे चार-पाच चिप्स जास्त लाल झाले.

थंड झाल्यावर शरयूने एक खाल्ला, मग दुसरा.

"मीठ आत गेलं," ती म्हणाली. मग, "दादा, तुला आवडतात का हे?"

मी म्हटलं, कुरियनला आवडायचं बनवायला.

"ते नाही विचारलं मी."

लॉट दहा. जाडी १.३, पाणी तीनदा, मीठ एक मोठा चमचा अर्ध्या वाटी पाण्यात, त्यातलं एका घाण्याला चमचाभर. पास.

शनिवार, २४ फेब्रुवारी

साराम्माचा फोन. गाडी मंगळवारी संध्याकाळी सातला पोचेल. घराची चौकशी केली. कुंड्या ठीक आहेत म्हटलं.

"टॅपिओका निकाला?"

"निकाल रहा हूँ."

"इतना मेहनत मत करो भैया. खराब हो गया होगा तो छोड़ दो."

तिला कसं कळलं की खराब होतं, असं मनात आलं. मग वाटलं, तिला माहीत असणारच, तिच्याच गावचं आहे.

रविवार, २५ फेब्रुवारी

फ्रिजरमधला माल संपला. आता सरावाला काही नाही. दोन वेळा जाऊन आठवं झाड बघून आलो. काल संध्याकाळी वारा होता, थोडं कललं आहे. काठीचा आधार दिला.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

सहाला गेलो. दोरी कापावी लागली. बुंधा धरून हलवला तर सहज आला, फारच सहज. खाली चारच मुळं. एक उंदरांनी पोखरलेलं, आत नुसतं पोकळ. एक म्हातारं, मधोमध दोरासारखी शीर, सुरी चालेना. दोन चांगली. सोलून एक किलो सहाशे ग्रॅम.

साडेनऊपर्यंत चकत्या आणि तीन पाणी. अकरापर्यंत पंचावर. शरयू फोन करून म्हणाली, येऊ का? नको म्हटलं.

सात घाणे काढले. तिसऱ्या घाण्याला मिठाचं पाणी जरा जास्त पडलं, तेल शेगडीवर उतू गेलं आणि जाळ वर आला. गॅस बंद केला, झाकण ठेवलं. दहा मिनिटं बाहेर पायरीवर बसलो. मग पुन्हा. तो घाणा खारट झाला, बाजूला काढला. बाकी सहा एकसारखे. प्रत्येक घाण्यातला एक मोडून पाहिला. खाल्ला नाही, आवाजावरून कळतं.

स्टीलचा मोठा डबा भरला. झाकण घट्ट लावलं. वर तारीख लिहिली, सवयीने.

सातला स्टेशनवर गेलो. साराम्मा बारीक झाली आहे. तिच्याबरोबर मुलगी आणि जावई. डब्याबद्दल बोललो नाही.

बुधवार, २८ फेब्रुवारी

प्रार्थना अकराला. मलयाळममध्ये होती, मधेच कुरियनचं नाव यायचं तेवढं कळायचं. तीसेक माणसं. मी या वेळी आतल्या खोलीत बसलो, खुर्ची तिथे रिकामी होती.

जेवण वाढायच्या आधी डबा घेऊन स्वयंपाकघरात गेलो. साराम्मा ओट्याजवळ एकटी होती, पापड काढत होती. डबा तिच्यापुढे ठेवला.

"ये क्या है?"

"टॅपिओका. एक ही पेड़ का. बाकी मेरे से खराब हो गया."

तिने झाकण काढलं. मग एक उचलून तोंडात टाकला.

"नमक पानी डाला?"

"जी."

"किसने बताया?"

"किसी ने नहीं. आवाज़ से."

ती हसली. मग पदराने तोंड पुसलं आणि जे बोलली ते जसं आठवतं तसं लिहितो.

"आपको मालूम है, वो टॅपिओका खाता नहीं था? बचपन में घर में चावल नहीं था. सुबह भी यही, रात को भी यही. बोलता था, मैं मर जाऊँगा, इसको मुँह नहीं लगाऊँगा. पहले साल मेरी अम्मा ने डंडी भेजा था तो मेरे लिए लगाया. मैंने चिप्स बनाया. आपको भी दिया. तब आप नए आए थे. आप खाए और बोले, और है?"

तिने डब्यातून आणखी एक उचलला.

"उसने अंदर आके मुझे बोला, साराम्मा, इंस्पेक्टर ने माँगा. ये आदमी फैक्टरी में किसी से चाय नहीं माँगता. फिर हर साल वही लगाता था, वही तलता था. मैं बोली, चखो तो सही, नमक ठीक है कि नहीं. नहीं. मुझसे चखवाता था."

मग तिने मला विचारलं, "आपको सच में इतना पसंद है ना, भैया?"

मी हो म्हटलं.

त्यानंतर बाहेरून कुणीतरी पापड मागितले आणि ती गेली. चिप्स एका परातीत काढून टेबलावर ठेवले गेले. लोकांनी खाल्ले. जावई दोनदा घ्यायला उठला. फादर म्हणाले, अपने यहाँ का स्वाद है. निघताना साराम्माने डबा परत दिला. हलका नव्हता. परातीत काढतानाच तिने अर्धे माझ्यासाठी डब्यात राखून ठेवले होते.

खरं सांगायचं तर मला ते चिप्स ठीक वाटायचे. वाईट नाहीत. पण कुरियन एवढ्या हौसेने तळतो, आणि स्वतःला बाधतं म्हणून खाऊ शकत नाही, तर कोणीतरी खायला हवेत, म्हणून मी दर वर्षी ताटली संपवायचो.

"और है?" मी म्हटलं असेन. आठवत नाही. १९९८च्या जानेवारीत आई गेली होती. महिना-दीड महिना घरात धड काही शिजत नव्हतं. भूक लागली असेल.

शुक्रवार, १ मार्च

सकाळी ट्रक आला. सामान कमीच होतं. व्हरांड्यातल्या खुर्च्या साराम्मा मला देत होती, मी एक घेतली. स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी पंचवीस मिनिटं उशिरा. ती खिडकीतून म्हणाली, कोट्टयम को आओ भैया. बघतो म्हटलं.

दुपारी मालक चावी घेऊन गेला. परसात मजूर लावले आहेत.

रविवार, ३ मार्च

शरयू येते म्हणाली, तिला आज येऊ नको सांगितलं.

संध्याकाळी डबा उघडला. पाच दिवस झाले तरी कुरकुरीत आहेत. ताटलीत काढले नाहीत. डबा मांडीवर घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलो आणि खात गेलो. मीठ बरोबर होतं. तळाशी तुकडे होते, तेही बोटांनी गोळा करून खाल्ले.

मग डबा घासला आणि ओट्यावर पालथा घातला.